पठारावरचा शंख

टेबलावरचा दगडी शंख पुसला की शारजाजवळचं ते चुनखडीचं राखीव पठार आठवतं. एका शुक्रवारी रूममेटबरोबर चढायला गेलो, तर फाटकावरच्या पठाण रखवालदाराने आमची लेबर कार्डं, म्हणजे तिथल्या नोकरीची ओळखपत्रं, ठेवून घेतली आणि बजावलं, "पत्थर मत उठाना." "कार्डं गेली, खलास," रूममेट पुटपुटला. तापलेल्या पांढऱ्या खडकात शंखशिंपले रुतलेले होते, पण आमचं अर्धं लक्ष खाली फाटकाजवळच्या रखवालदाराच्या केबिनवर. उशिरा उतरलो तर केबिनला कुलूप. रूममेट शिव्या घालू लागला, तेवढ्यात रखवालदार डोंगरावरूनच धापा टाकत आला. आम्ही वाट चुकलो समजून तो पाणी घेऊन शोधायला गेला होता. रुमालात गुंडाळलेली कार्डं त्याने हातात ठेवली. वरून उचललेला शंख खिशातून माझ्या मांडीला टोचत होता; त्याने खिसे तपासलेच नाहीत.