वर्तमानपत्रात चिकटवलेला तिसरा अंक

करमाळ्याच्या प्रयोगात मी माझ्या मुलीला लग्नाआधीच सासरी पाठवलं. नाटकातल्या मुलीला, अर्थात. पहिल्या अंकात माझी नाटकातली बायको विचारते, "बाहेर कुणी आलंय का हो?" त्यावर मी "पोस्टमन असेल" म्हणायचं. तिसऱ्या अंकात ती पुन्हा हेच विचारते आणि मी म्हणतो, "कोण येणार आता? पोरगी गेली सासरी." करमाळ्याला मी ते पहिल्याच अंकात ठोकून दिलं. पोरगी समोरच आरशापुढं वेणी घालत होती. होणारा जावई विंगेत शर्टाची बटणं लावत होता. बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी "झोपेत बडबडू नका, तोंड धुऊन या" म्हणून मला आत पिटाळलं, म्हणून नाटक वाचलं.

प्रेक्षक हसले. दिग्दर्शक हसला नाही. "अण्णा, सोलापूरच्या प्रयोगात असं झालं तर पुढं मैंदर्गीच्या प्रयोगाला दुसरा माणूस नेणार," तो म्हणाला. माझ्या मुलापेक्षा लहान आहे तो. पण त्याचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात क्लार्की आणि संध्याकाळी तालीम, यात माझी तीस वर्षं गेली. भरलेल्या नाट्यगृहात राजा झालो, आणि एकदा नऊ प्रेक्षकांपुढंही तितक्याच रुबाबात मेलो. पडलेल्या नाटकांचं मला कधी काही वाटलं नाही. मात्र पाठांतर गेलं तर नट म्हणून माझ्याकडं काय उरणार, या विचारानं मी घाबरलो.

मग मी लबाडी केली. तिसऱ्या अंकात माझ्या हातात पेपर असतोच. "कोण येणार आता?"पासून बायकोशी बोलायचं ते लांबलचक बोलणं मी ठळक अक्षरांत लिहून काढलं आणि पेपरच्या आतल्या पानावर डिंकानं चिकटवलं. आठवडाभर तालमीत खाली बघून खुशाल वाचत होतो. दिग्दर्शकही म्हणाला, आता बरं चाललंय.

सोलापूरचा प्रयोग रविवारी दुपारी होता. ओळखीचे चेहरे, ऑफिसातले लोक, हॉल गच्च. तिसरा अंक सुरू झाला. बाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "बाहेर कुणी आलंय का हो?" मी पेपर उघडला. कोरा करकरीत, त्या दिवशीचा पेपर! माझ्या कागदाच्या जागी टेंडरच्या जाहिराती आणि श्रद्धांजल्या.

वर पाहिलं तर बाई मेथी सोडून थेट माझ्या डोळ्यांत बघत होत्या. मी पेपर मिटला आणि म्हणालो, "कोण येणार आता? पोरगी गेली सासरी." पुढचं वाक्य आलं, त्याच्या मागोमाग त्याच्या पुढचं. मी बोलत नव्हतो, त्यांना सांगत होतो. संपलं तेव्हा टाळ्या इतक्या लांबल्या की बाईंना आपलं वाक्य अडवून धरावं लागलं. त्या टाळ्या मी हावरटासारख्या ऐकल्या. का नाही ऐकायच्या?

पडदा पडल्यावर मात्र मी ओरडलो, "पेपर कुणी बदलला?"

"मी," बाई म्हणाल्या. त्या शाळेत शिकवतात. घरी तेलुगू बोलतात आणि आमच्याशी खास सोलापुरी. "आट दिवस तुमी पेपरशी बोलत होता. मी हितं बसलेय ते दिसतच न्हवतं की तुमाला."

"आणि विसरलो असतो तर?"

"मी सांगितलं असतं. सगळं पाट हाय मला." आणि त्यांनी माझं ते बोलणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं, कुठं थांबायचं त्यासकट. एक शब्द चुकला नाही. माझा राग कुठल्या कुठं गेला आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात दिग्दर्शक आला, पाया पडला आणि म्हणाला, "अण्णा, मैंदर्गीला गाडी दहाला निघेल."

नाटकभर बाईंना फक्त अकरा वाक्यं आहेत. त्यातल्या प्रत्येकाचा मला शेवटचा शब्द तेवढा ठाऊक असायचा. तो ऐकला की मी तोंड उघडायचो. मैंदर्गीला जाताना मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो आणि ती अकराच्या अकरा वाक्यं पाठ केली.