शांतीभाऊंची बिनतारी दुर्बीण

फोन आला तेव्हा मी घोडेगावला एका ऑफिसात टेबलाखाली आडवा होऊन प्रिंटरची वायर शोधत होतो. पलीकडून नीलेश, शांतीभाऊंचा मुलगा. "काका, पप्पा गेले. पहाटे, झोपेतच." मी "बरं" म्हणालो. खरंच सांगतो, "बरं" म्हणालो! मग वायर सापडली, ती लावली, टेस्टचा कागद काढून साहेबांना दाखवला आणि बाहेर येऊन मोटारसायकलला किक मारायला गेलो, तर पायच उचलेना... जुन्नरला पोचलो तोवर त्यांना नेलं होतं. दुकानाचं शटर खाली, आणि पेठेत नेहमीसारखी वर्दळ. त्या वर्दळीचा मला इतका राग आला म्हणून सांगू! आज पाच आठवडे झाले. राग गेलेला नाही, फक्त पेठेवरचा माझ्यावर आलाय. का आलाय, तेच सांगायला बसलोय.

शांतीभाऊ आमच्या पेठेतले बियाणांचे व्यापारी. आजोबा राजस्थानातून आलेले, पण हे बोलायला लागले की आमच्याहून पक्के जुन्नरकर. शेजारच्या गाळ्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान, पुढे कॉम्प्युटर आले तसे तेही आत शिरले. नव्वद सालानंतर कधीतरी ते खरखरणारा रेडिओ घेऊन आले आणि म्हणाले, "दिलीपराव, यातली थोडी खरखर म्हणे आभाळातून येते." मी म्हणालो, "भाऊ, आभाळातून येत असेल, पण तुमची कंडेन्सरमधून येतेय." एवढे हसले, एवढे हसले! तिथून आमचं जमलं ते जमलंच. ते चौविहार पाळायचे, म्हणजे सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी, सगळं उरकलेलं. गाव चहा पीत बसलेलं असायचं तेव्हा हा माणूस जेवूनखाऊन मोकळा. एवढी मोठी संध्याकाळ रोज हाताशी असल्यावर माणूस काहीतरी धरणारच, त्यांनी आभाळ धरलं.

अमेरिकेतल्या पुतण्याने कॉम्प्युटरवाली दुर्बीण आणून दिली तेव्हा ती बसवायला मीच होतो. गावाबाहेरच्या त्यांच्या गोडाऊनच्या स्लॅबवर आम्ही पत्र्याची शेड केली, तिचं छप्पर रुळावरून मागे ढकलता यायचं. दुर्बिणीला गुंडाळीच्या वायरने लटकलेला एक रिमोट होता. त्यावर ग्रहाचं नाव निवडलं की मोटर घुरघुरत नळी आपोआप तिकडे वळायची. शांतीभाऊ बियाणं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना बळेबळे वर न्यायचे. एकदा बेल्ह्याच्या बाजारातून परतणारा बैलांचा व्यापारी शनी बघून उठला, नळीच्या पुढच्या तोंडाशी जाऊन आत वाकून आला आणि म्हणाला, "भाऊ, आत चित्र चिकटावल्यालं न्हाई ना? न्हाई म्हंजे, लई बेस हाय, पन इतकं बेस आसतं व्हय?" शांतीभाऊंनी त्याला पुन्हा बसवलं, मोटर बंद केली आणि कडं असलेला तो ग्रह काचेतून हळूहळू सरकत बाहेर जाताना दाखवला. चित्र असतं तर सरकलं नसतं, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही, त्यालाच उमगू दिलं. विकायला बसलेला माणूस इतका न बोलता समजावू शकतो, याचं मला कायम नवल वाटायचं.

पुढे एका दिवाळीत ते माझ्या दुकानात आले आणि काउंटरवर आगपेटीएवढी डबी ठेवली. म्हणाले, "पुतण्याने पाठवलीय. ही दुर्बिणीला लावायची, म्हणजे लॅपटॉपवरून वायरीशिवाय चालते. खाली खोलीत बसून चालवायचीय मला." मी विचारलं, आता हे काय खूळ? रिमोट चांगला धडधाकट आहे की! तर म्हणाले, बिबट्या फिरतोय, अंधार पडल्यावर वर बसायला भीती वाटते. मी मोठ्याने हसलो. "बिबट्या काय जिना चढून शनी बघायला येणाराय?" उसात बिबटे होते, नाही असं नाही, पण स्लॅबवर? मी लांब केबल टाकून देतो म्हणालो. "केबल नको," एवढंच म्हणाले. हात शालीच्या आत होते. दिवाळीची थंडी, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

ती डबी मी फळीवर ठेवली आणि ती तिथंच राहिली. कामं होती, नाही म्हणत नाही. तेव्हा गावोगाव कॉम्प्युटर निघाले होते आणि मला श्वास घ्यायला उसंत नव्हती. पण खरं सांगू? शेठ माणसाचा शौक आहे, होईल निवांत, असं मनात होतं. शांतीभाऊ आठवड्यातून एकदा येऊन बसायचे, हात शालीत, डबीकडे बघायचेसुद्धा नाहीत. मी आपणहून म्हणायचो, "भाऊ, तुमचं काम राहिलंय." ते म्हणायचे, "होऊ द्या सवडीने." संक्रांत गेली, होळी गेली. वर्षातलं सगळ्यात स्वच्छ आभाळ रोज संध्याकाळी आमच्या डोक्यावर येऊन जात होतं आणि मी गड्डीच्या गड्डी सीडी विकत होतो. उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे मी डबी हातात घेतली.

त्यातही माती खाल्ली. डबी आणि दुर्बीण यांच्यामध्ये मी घरीच कथिलाने वायर डाखून केली आणि सरळ जोडली. दुर्बिणीची बोलायची तार डबीच्या बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्या तारेला. म्हणजे दोघी एकदम बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही! लॅपटॉप म्हणे दुर्बीण सापडत नाही. दोन दिवस मी पत्र्याला दोष दिला, डबीला दिला, पुतण्याला दिला. तिसऱ्या दिवशी दुपारी डोक्यात उजेड पडला, तारा उलट केल्या, आणि वर मोटर घुरघुरली. शांतीभाऊ त्या दिवशी लवकर जेवून आले. ते खाली लॅपटॉपवर, मी वर. आधी चंद्रावर नेम धरून दुर्बिणीला दिशा ओळखवून घेतली, मग त्यांनी शनी निवडून बटण दाबलं. नळी वळली आणि शनी बरोबर मधोमध. ते जिना चढून वर आले, हात पाठीमागे बांधलेले, कशालाही न शिवता नुसता डोळा लावला. बराच वेळ तसेच वाकून होते. मग म्हणाले, "हलत नाही."

मी फुशारकीने म्हणालो, हलेल कशाला, स्टँड केवढा भक्कम आहे! त्यांनी हात पुढे केले. उजवा हात थरथरत होता, डावा त्याला धरून होता आणि तोही थरथरत होता. "दिवाळीच्या आधीपासून आहे. रिमोट धरला की वायर हलते, वायर हलली की शनी नाचतो. गावात कुणाला सांगितलं नाही दिलीपराव. तराजू धरणारा हात आहे..." बिबट्याचं ते सोंग मला तेव्हा कळलं. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. आणि तरी, माफ करा हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी आपला वायर गुंडाळत बसलो.

त्यानंतर जेमतेम दहा-बारा संध्याकाळी मिळाल्या. मग ढग आले आणि आमच्या डोंगराच्या कडेला ढग आले की ते मुक्कामालाच येतात. भाद्रपदात त्यांच्या संवत्सरीला, दरवर्षी यायचे तसे, ते माझ्या दुकानात आले. या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागायची त्यांची रीत. जोडलेले हात थरथरत होते. म्हणाले, "दिलीपराव, माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा." मी म्हणालो, "तुमच्याकडून काय चुकणार भाऊ? बसा, चहा सांगतो." आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. अहो, चुकलं होतं माझं! फळीवर सहा-सात महिने डबी माझ्या हाताने पडली होती. ते समोर उभे होते, दिवस त्याच कामाचा होता, आणि मी चहा विचारला... तीच शेवटची भेट, चारच दिवसांनी नीलेशचा फोन आला.

परवा आभाळ निवळलं. नीलेश म्हणाला, काका, दुर्बीण तुम्हीच घेऊन जा, आमच्यात कुणाला कळत नाही. मी संध्याकाळी गोडाऊनवर गेलो. विमलवहिनी, शांतीभाऊंच्या पत्नी, खालच्या खोलीत बसल्या होत्या. मी खाली मान घालून त्यांना सगळं सांगून टाकलं. डबी, फळी, वाया घालवलेलं आभाळ, आणि त्या दिवशीचा चहा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नाही का? पावसाळाभर ते रोज इथे येऊन बसायचे. मीही यायचे सोबत. छप्पर बंद, वर धो धो पाऊस, आणि हे इथून बटण दाबायचे. वर मोटर वाजायची. मी म्हणायचे, अहो, दिसतंय का काही? तर म्हणायचे, दिसत नाही, पण आपण बरोबर त्याच्याकडे तोंड करून आहोत."

मला बोलवायचं तरी, मी म्हणालो.

"मी म्हटलं होतं. म्हणाले, दाखवायला काही असलं की बोलावू."

मी वर जाऊन छप्पर मागे ढकललं, चंद्रावर नेम धरून घेतला. खाली येऊन लॅपटॉपवर गुरू निवडला, पण बटण दाबवेना. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही वर जा. दाबायचं कुठलं ते मला ठाऊक आहे, रोज बघत होते." मी जिना चढलो. मोटर घुरघुरली, नळी पश्चिमेकडे वळून थांबली. वहिनींचे गुडघे गेलेत, त्या आजवर एकदाही वर आलेल्या नाहीत. खालून त्यांनी विचारलं, "दिसतंय का हो?"

"दिसतंय वहिनी," मी म्हणालो, "स्वच्छ दिसतंय." डोळा लावायचा धीर मला अजून झाला नव्हता.