दाब, धर, सोड

पनवेलजवळच्या कोन गावात, बाळारामकाकांच्या गॅरेजात गिऱ्हाइकाला आयतं बसायला मिळत नसे. ब्रेकचं काम असलं की ते मालकालाच स्टिअरिंगमागे बसवत. "गाडी तुजी, मंग पाय बी तुजाच पायजे," म्हणत स्वतः चाकाशी आडवे होत. तिथून तीनच शब्द येत, "दाब... धर... सोड."

मी बँकेतली बाई, दिवसभर लोकांना रांगेत उभं करणारी. मला कुणी हुकूम सोडलेला मुळीच खपत नाही! पण एकदा दुसऱ्याच दिवशी सकाळी अप्पांना, माझ्या वडिलांना, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घाटातून पुण्याला न्यायचं होतं आणि ब्रेकचं पेडल नुसतं आत जात होतं. मुकाट बसले.

काळंकुट्ट झालेलं जुनं ब्रेक ऑइल काढून काकांनी नवं भरलं. आता लाइनमधली हवा काढायची होती. मी पेडल दाबून धरायचं, काका चाकाजवळचा स्क्रू उघडणार, नळीतून तेल आणि हवा बाटलीत येणार. स्क्रू बंद करून ते म्हणतील तेव्हाच पाय सोडायचा, नाहीतर हवा परत आत शिरते. तीन चाकं झाली. चौथ्याला माझा फोन वाजला आणि पाय उचलला गेला.

"सोडलास काय गो?"

"छे हो!" मी ठणकावून सांगितलं.

पुढच्या दाबाला नळीत बुडबुडे आले. काका उठून खिडकीशी आले. "पोरी, माज्याशी खोटा बोल, चालंल. घाट आयकनार नाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड गप्प बसेना. "काका, उशीर होतोय. सकाळी निघायचंय मला."

"निघशील गो. थांबशील का, त्ये आदी बगू." आणि त्यांनी मागच्या डाव्या चाकापासून सगळं पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी घाटातल्या एका छोट्या उतारावर पुढचा कंटेनर अचानक थांबला. मी पाय दाबला. गाडी हातभर अंतरावर जागच्या जागी उभी राहिली. अप्पांनी डुलकीतून डोळे उघडले. "आलं का गं पुणं?"

काका गेल्या वर्षी गेले. फार आठवण येते त्यांची. परवा नवीन पनवेलच्या एका चकचकीत गॅरेजात मेकॅनिकनं ब्रेकचं काम करून किल्ली हातात ठेवली. "झालं मॅडम, निघा."

मी आत बसून पेडल दाबलं. मऊ लागलं, म्हणजे लाइनमध्ये हवा राहिलेली. किल्ली त्याला परत दिली.

"निघेन हो. थांबेन का, ते आधी बघू. तुम्ही पाना घेऊन चाकाशी बसा, पेडल मी धरते."