कानाला बोट लावून सांगितलेलं नाव

आधी बाईंचं सांगते, मग झालं काय ते.

बाई म्हणजे माझ्या लेकीच्या फिरत्या शिक्षिका. ज्या पोरांना ऐकू येत नाही, दिसत नाही किंवा नीट चालता येत नाही, त्यांच्या शाळांत आणि घरी त्या स्कूटीवरून जातात. गुडघे दुखतात म्हणून आमच्या खोलीत आल्या की आधी पिठाच्या डब्यावर बसतात, मग चपला काढतात. त्या नसत्या तर माझी पोर आज स्वतःचं जे नाव सांगते ते तिला मिळालं नसतं. हे पहिल्यांदा लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना लाज वाटणार आहे आणि लाजेच्या भरात आभार राहून जायचे.

माझं माहेर राजूरच्या वर, डोंगरात. सातवीला शाळा सुटली, मग लग्न झालं आणि आम्ही इकडे नागापूरला आलो. आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच पत्र्याचं शेड आहे. तिथं पत्रा ठोकायचं प्रेस चालतं, दिवसभर धपधप. पोरीचे वडील तिथंच कामाला. जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबलं की पोर दारात जाऊन उभी राहायची. आम्ही म्हणायचो, हिला बापाची चाहूल लागते. तिला ऐकू येत नाही हे कळलं तरी ही चाहूल कशाने लागते, असं काही आमच्या मनात आलं नाही.

ती बोलेना तेव्हा घरात आपसूक हातवारे सुरू झाले. मिशीवरून बोट फिरवलं की बाप. कपाळावर अंगठा टेकवला की आजी, सासूबाईंचं कुंकू मोठं असतं म्हणून. नाकाशी चिमूट धरली की मी, माझ्या चमकीवरून. आणि कानाला बोट लावून हाताने ‘नाही’ केलं की पोरगी. तिला जेवायला बोलवायचं असलं तरी तेच, आणि पाहुण्यांनी ‘ही कोण’ विचारलं तरी तेच.

बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी पोरीकडे बोट करून हातानेच विचारलं, तू कोण? पोरीने कानाला बोट लावलं आणि हाताने ‘नाही’ केलं. नव्या फ्रॉकवरचं फूल दाखवावं तशी खुशीत.

बाईंनी तीच खूण स्वतः करून बघितली. मग मला म्हणाल्या, “घरात हेच नाव आहे का तिचं?”

“नाव न्हाई हो बाई. खूण हाय ती.”

“तिच्यासाठी तेच नाव. तुम्ही तोंडाने काय हाक मारता ते तिला कुठं माहीत आहे?”

सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, “आता कानानं ऐकू येत न्हाई तर काय डोळ्याला बोट लावायचं व्हय?”

“आजी, तुमचे गुडघे दुखतात ना? मी तुम्हाला गुडघ्यावरून हाक मारली तर चालेल?”

“मारा की. तुमचंबी दुखत्यात. दोघी ओ देऊ.”

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. माहेरी लांबच्या नात्यातले एक मामा होते. सगळे त्यांना मुका म्हणायचे. त्यांनी शाळा बघितली नाही. राजूरच्या बाजाराला दुसऱ्यांची ओझी वाहायचे. त्यांचं नाव काय होतं हे मला आजही माहीत नाही. मला वाटायचं, आपण तसे नाही. आपण पोरीला कानाचं मशीन आणलं, तिला शाळेत घालणार आहोत. आणि तेच नाव मी तिला हाताने देऊन बसले होते. तिला ते स्वतःच्याच हाताने दुसऱ्याला सांगावं लागत होतं, हे जास्त वाईट.

जूनमध्ये ती गावातल्या सगळ्या पोरांच्याच शाळेत पहिलीत जाणार होती. बाईंची एक पद्धत आहे. असं मूल वर्गात आलं की पहिल्या दिवशी त्याच्या नावाची खूण त्या सगळ्या वर्गाला शिकवतात. बाई म्हणाल्या, “वर्गासमोर ती जे सांगेल ते चिकटेल. मग कोणी काढू म्हणलं तरी निघणार नाही.”

आम्ही लागलो नाव शोधायला. मी बोटं उघडमीट करून चांदणी केली. तिने वर छताकडे बघितलं. तिच्या वडिलांनी फूल केलं, तर तिने देव्हाऱ्यातलं जास्वंद उचलून आणून दिलं. तिच्याकडे बोट करून पुन्हा फूल केलं की मान हलवायची आणि कानाला बोट. म्हणजे, असं काय करता, मी ही आहे की. आम्ही ती खूण जेवढी टाळू तेवढी ती जोरात करायची. मला रोज वाटायचं, जून आला, आता हिला सगळी शाळा कानावरून ओळखणार. एकदा मी तिचा हात धरून खाली दाबला. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. “हात धरू नका. ते मी फार केलंय.”

मग त्यांनी सांगितलं. त्या नोकरीला लागल्या ती ऐकू न येणाऱ्या मुलांची निवासी शाळा होती. तेव्हा असं मानायचे की हात चालले तर तोंड उघडणार नाही. म्हणून मुलांना आरशासमोर बसवायचं, त्यांचा पंजा आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवायची आणि एरवी हात खाली. कोणी हातवारे केले की बोटांवर पट्टी.

“आम्हाला शिकवलंच तसं होतं. भल्यासाठीच करायचो,” बाई म्हणाल्या. “काही मुलं बोलायला शिकली. बाकीची गप्प बसायला शिकली.”

पुढे काळ बदलला. मुलं गावोगावच्या साध्या शाळांत जाऊ लागली आणि जे हात दाबले जायचे तेच आता चालवायला शिकवतात. बाई स्वतः ही खुणांची भाषा उतारवयात शिकल्या, त्या निवासी शाळेतल्या आपल्याच एका विद्यार्थिनीकडून. म्हणाल्या, “नाव आपण द्यायचंच नसतं. ज्यांची भाषा, ते देतात. चला तिच्याकडे.”

ती विद्यार्थिनी म्हणजे ताई. त्या नगर शहरात राहतात, एका शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. रविवारी आम्ही गेलो. त्या पूर्ण वेळ पोरीकडेच बघत होत्या. व्हायचं ते झालंच. ताईंनी विचारलं आणि पोरीने कानाला बोट लावलं. मी मान खाली घालून फरशी बघत राहिले.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी बाईंकडे वळून आपल्याच बोटांवर दोन बोटं फटकन मारली आणि हसल्या. बाई लाल झाल्या.

“हे माझं नाव,” बाई मला म्हणाल्या. “पट्टी. शाळेत पाण्याच्या टाकीमागे पोरांनी ठेवलेलं. मला दिसू नये म्हणून सगळी तिथं जाऊन बोलायची.”

“मग आता बदलून न्हाई घेतलं?”

“कशी घेऊ? कमावलेलं आहे.”

तेवढ्यात आत कोणीतरी मिक्सर लावला. पोर उठली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला पंजा टेकवून उभी राहिली. ही तिची घरची खोड. प्रेसच्या बाजूच्या भिंतीवर तिच्या हाताचा काळा डाग पडलाय आणि तिथून मी तिला कितीदा मागे ओढलंय. परक्याच्या घरी तरी भिंत खराब नको म्हणून मी उठले. ताईंनी मला हातानेच थांबवलं. त्या जाऊन पोरीशेजारी उभ्या राहिल्या आणि आपलाही पंजा भिंतीला लावला. मिक्सर थांबला तसे दोघींनी हात एकदम काढले.

बापाची चाहूल कशाने लागायची ते मला तेव्हा कळलं.

ताईंनी पंजा समोर धरला, भिंत असल्यासारखा, आणि किंचित थरथरवला. मग पोरीच्या छातीला बोट लावलं. पोरीने करून बघितलं. पुन्हा केलं. परत येताना रिक्षात ती रस्ताभर लोकांना दाखवत होती.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी वर्गाच्या दाराशी उभी होते. बाईंनी तिला नाव विचारलं. तिचा हात वर निघाला आणि मला वाटलं, गेला कानाकडे. पण तो समोर येऊन थांबला. पुढच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, “बाई, ती भिंत हाय का?” बाई म्हणाल्या, “नाही. भिंतीपलीकडचं जिला कळतं ती.” मग सगळ्या वर्गाने पंजे समोर धरून थरथरवले.

सासूबाई अजून चुकतात आणि जीभ चावतात. मीही चुकते. घाईत माझं बोट आपोआप कानाकडे जातं. मग पोर ते बोट धरते, खाली आणते आणि माझा पंजा उघडून समोर धरते. रागावत नाही. ती रागावत नाही याचीच मला जास्त लाज वाटते.

बाईंना आता स्कूटी झेपेनाशी झाली आहे. राजूरच्या वरच्या वाड्यांवर तर त्यांना कधीच जाता आलं नाही. सातवी शिकलेल्या मला शिक्षिका कोण करणार? पण मी ताईंकडे खुणा शिकते आहे. एक दिवस माझ्या डोंगरात जाईन, अशा एखाद्या लेकराच्या आईशेजारी बसेन आणि आधी लेकराला त्याचं नाव विचारेन. हे बाईंना अजून सांगितलेलं नाही. कधी जमेल माहीत नाही. पण त्यांचे उपकार मी असेच फेडीन.