दुसरा नमुना

आमच्या साडूंनी आयुष्यात कोणाचंही पहिलं उत्तर खरं मानलेलं नाही. मरोळच्या एका प्रयोगशाळेत हृदयरोग्यांच्या रक्तावर संशोधन करण्यात त्यांची हयात गेली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण ते सावकाश. म्हणून पहिला नमुना निर्दोष निघाला तरी तीन तासांनी दुसरा घ्यायचा, हा त्यांच्या शास्त्राचा नियम. तो त्यांनी प्रयोगशाळेतच ठेवला असता तर घरचे सुखी झाले असते. बोरीवलीला मुलगी बघायला गेले, तेव्हा माझ्या मेहुणीने "पसंत आहे" म्हटल्यावर हे गृहस्थ चहा पिऊन निघून गेले आणि तीन तासांनी पुन्हा दारात हजर. मुलाने शब्द फिरवला असं समजून सासूबाईंनी देवापुढची साखर उचलून ठेवली. यांना फक्त मुलीचं मत कायम आहे का, एवढंच विचारायचं होतं.

त्यांच्याकडे जेवून पोट भरलं म्हणणाऱ्या पाहुण्याला संध्याकाळी फोन जातो, भूक लागली का म्हणून. आमटीत मीठ बरोबर आहे का, हे मेहुणी त्यांना विचारतच नाही. पक्कं उत्तर येईस्तोवर भांडी घासून झालेली असतात. मुलीने बारावीचे मार्क सांगितले, तर म्हणाले, "एका आकड्याला अर्थ नसतो. तो वर चाललाय की खाली, ते बघायचं." पोरीने पेढ्यांचा डबा मुकाट्याने बंद केला.

मागच्या वर्षी त्यांच्याकडेच श्रीखंड-पुरी चापली आणि माझ्या छातीत जळजळू लागलं. जवळच्या इस्पितळात गेलो. ईसीजी ठीक, रक्तही ठीक. तरुण डॉक्टर म्हणाला, थोडं थांबलात तर बरं. मला घरी जाऊन मॅच बघायची होती, शिवाय दोष श्रीखंडाचाच आहे याबद्दल माझी खात्री होती. साडूंनी वाद घातला नाही. खाटेखालचे माझे बूट उचलले आणि मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. अनवाणी माणूस किती दूर जाणार? तीन तासांनी दुसरा नमुना घेतला. आकडा चांगलाच चढला होता. मला घाईघाईने आत नेलं तेव्हाही बूट त्यांच्या हातात होते, आणि ते खाटेबरोबर दारापर्यंत धावत आले. तसं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता ते निवृत्त झालेत. गेल्या महिन्यात मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली. मेहुणी तिचं बिऱ्हाड लावून द्यायला सोबत गेलीय. परवा सकाळी फोन करून विचारलं, कसे आहात? "झकास," म्हणाले. मला बरं वाटलं. दुपारी जेवून उठलो आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा फोन लावला.

"अरे, मघाशी तर विचारलंस ना."

"हा दुसरा नमुना, साडूभाऊ."

"घर फार शांत झालंय रे," ते म्हणाले. "येतोस का?"

मी बूट घालायला घेतले.