सादिरने पडद्यावर सोडलेली घोडी

किरगिझस्तानच्या बिश्केक शहरात ओश बाजाराच्या मागच्या गल्लीत बुरुल राहायची. तिचं उभं आयुष्य रेडिओवर बातम्या आणि गोष्टी वाचण्यात गेलं. टॅक्सीत बसून तिने नुसतं "बाजाराकडे घ्या" म्हटलं, तरी चालक मागे वळून बघायचा.

तिचा नवरा सादिर इंजिनियर होता. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेला एक संगणक त्याने घरी आणला आणि त्यावर गोष्ट लिहायला घेतली. गोष्ट साधीच होती. एक मेंढपाळ चुकलेली घोडी शोधायला बर्फात निघतो. पण या गोष्टीला पानं नव्हती. पडद्यावर चार ओळी यायच्या. त्यातला 'धूर' हा शब्द दाबला की एका घरात जायचं, 'ओढा' दाबला की दुसरीकडेच. मेंढपाळ कुणाच्या हातून घरी पोचायचा, तर कुणाच्या हातून बर्फातच राहायचा.

"कागद महागलाय का रे?" त्याची आई विचारायची.

शेजारच्या झापारची तर हसून पुरेवाट व्हायची. "बाकीचं राहू दे, शेवट काय ते सांग."

"तू कुठल्या वाटेने गेलास त्यावर आहे."

"म्हणजे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही! चहा ओत गं बुरुल, याला गरज आहे."

खोटं कशाला, बुरुललाही ते प्रकरण कळलं नव्हतं. रेडिओवरची गोष्ट एका तोंडातून निघते आणि हजार कानांत तीच जाते. ही मात्र दर माणसागणिक वेगळी. पण निवृत्त झाल्यावर एका दुपारी ती सहज बसली, आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी उठली नाही. उठली तेव्हा म्हणाली, "हे लोकांना कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ते हसतात."

मग दोघांनी इंटरनेटवर एक पान उघडलं. जगभरची अशी पडद्यावरची गोष्ट-कविता सादिर निवडायचा, आणि बुरुल छोट्या व्हिडिओतून नवख्या माणसाला तिच्यात घेऊन जायची. कुठल्या कवितेत अक्षरं पावसासारखी गळायची, कुठली गोष्ट वाचणाऱ्याचंच नाव विचारून पुढे जायची. असलं साहित्य कसं वाचायचं, हे ती किरगिझ भाषेत, तिच्या त्या आवाजात सांगायची. "कुठला शब्द दाबू म्हणून घाबरू नका. ज्याच्यावर मन अडेल तो दाबा. चुकलात तरी गोष्टीतच चुकाल."

सादिर चोखंदळ. दहा बघायचा तेव्हा एक पसंत करायचा. तिने जरा जास्त सांगितलं की कॅमेऱ्यामागून ओरडायचा, "अगं, दारापर्यंत ने त्यांना! घास चावून तोंडात नको घालूस." डोंगराकडच्या नारिन गावात शाळेतल्या बाई ते व्हिडिओ वर्गात दाखवायच्या. मॉस्कोत लाद्या पुसणारी एक बाई लिहायची, कामावर जाताना मेट्रोत मी रोज एक वाट चालून बघते.

सादिरची स्वतःची गोष्ट मात्र पानावर कधीच आली नाही. बुरुलने किती वेळा म्हटलं! "आपलीच रोटी आपल्याच ताटात वाढून वा वा म्हणायचं? राहू दे," एवढंच त्याचं उत्तर.

मग त्याने एकदा आधीच दाखवलेली कविता पुन्हा निवडली. तिला वाटलं, थट्टा करतोय. पुढच्या आठवड्यात तो रोटी आणायला गेला आणि परतला नाही. झापारला तो बसथांब्यावर सापडला, बंद पडलेल्या कारखान्याच्या बसची वाट बघत. डॉक्टरीणबाईंनी सगळं हळू आवाजात समजावलं. घरी येऊन बुरुलने कणकेचे बोरसोक तळले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

आता त्याची गोष्ट वाचवायला हवी होती. ती त्या जुन्या संगणकावरच चालायची आणि तो आता धापा टाकत होता. बुरुलच्या ओळखीतल्या चोल्पोनने, ती संगणकाचंच काम करायची, सगळी गोष्ट नव्या यंत्रावर उतरवून दिली. एकाच ठिकाणी ती अडली. या दोघांना ती एजे आणि बाइके, म्हणजे ताई-दादा, म्हणायची.

"एजे, हा 'पाऊलखुणा' शब्द कुठेच जात नाही. याच्यापुढचं पान सादिर बाइकेंनी लिहिलंच नाही की हरवलंय? त्यांना विचारता का?"

बुरुलने विचारलं. सादिर गोड हसला. "कुणाच्या पाऊलखुणा?"

ती म्हणाली, त्याच्या हातानेच वाचून घेऊ, कदाचित बोटांना आठवेल. खिडकीपाशी टेबल मांडलं, कॅमेरा लावला, त्याला नवा सदरा घातला. पडद्यावर पहिल्या चार ओळी आल्या. सादिरने त्या वाचल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"आता काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

"ज्या शब्दावर मन अडेल तो दाब."

"चुकलं तर?"

"चुकलास तरी गोष्टीतच चुकशील."

त्याने 'धूर' दाबला. पुढचं आल्यावर लहान मुलासारखा चमकला. मग वाचतच गेला. एका ठिकाणी मोठ्याने हसला, एका ठिकाणी डोळे पुसले. "काय लिहिलंय! बर्फाचा वास येतो. कुणी लिहिलंय हे?"

"तूच लिहिलंस, सादिर."

त्याचा चेहरा आक्रसला. "म्हाताऱ्याची चेष्टा करू नका."

करू नका, म्हणाला. लग्नापासून 'अगं' आणि 'तू' शिवाय ज्याच्या तोंडून दुसरं निघालं नव्हतं, तो परक्या बाईशी बोलावं तसं मानाने बोलला. बुरुलने टेबलाची कड घट्ट धरली.

"बरं, चुकलं माझं," ती म्हणाली. "नारिनकडच्या एका माणसाने लिहिलंय."

"आहे का तो अजून?"

"आहे."

"मग बोलवा की त्याला चहाला! अशी माणसं बिचारी एकटी असतात. कुणाला कळत नाही त्यांचं."

"बोलवीन," बुरुल म्हणाली.

तो पुन्हा वाचू लागला आणि 'पाऊलखुणा'पाशी आला. दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिला, जोरजोरात, आणि अखेर रडवेला होऊन म्हणाला, "घोडी तिकडेच गेलीय हो. मला जाऊ का देत नाही?" बुरुलने पडदा बंद केला आणि त्याला कुशीत घेतलं. त्याने घेऊ दिलं, पण अंग चोरूनच.

मुलाने, एर्मेकने, काझानहून तो व्हिडिओ बघितला. लगेच फोन केला. "आई, बाबांना बाजारात उभं करू नकोस." तिलाही ते करायचं नव्हतंच. तिने तो व्हिडिओ दुसऱ्या कुणालाच दाखवला नाही.

चोल्पोनने सुचवलं, "एजे, ते एक पान तुम्हीच लिहा ना. त्यांची भाषा तुमच्याइतकी कुणाला येते?" बुरुल बसली. दोन ओळी जमल्यासुद्धा, अगदी सादिरसारख्या. वाचल्या आणि खोडल्या. तो असता तर म्हणाला असता, घास चावून तोंडात घालू नकोस.

शेवटी तिने एकटीने, नेहमीसारखा व्हिडिओ केला. घोडी, धूर, ओढा, सगळ्या वाटा दाखवल्या. "इथे 'पाऊलखुणा' दाबलंत तर पुढे काही नाही," ती म्हणाली. "लेखकाला विचारलं. त्याला..." आणि जो आवाज युद्धाच्या बातम्या वाचतानाही हलला नव्हता, तो तिथे फाटला. तेवढा तुकडा कापायचा तिला धीर झाला नाही. व्हिडिओ तसाच गेला.

खूप लोकांनी तो बघितला. मॉस्कोच्या बाईने विचारलं, एजे, लेखक बरे आहेत ना? बुरुलने लिहिलं, जेवतात, झोपतात.

सादिर पुढच्या वर्षी पानगळीत गेला. अखेरीला त्याची अक्षरओळखही गेली होती. एर्मेक आला, गावाकडून नातलग आले, झापारने खांदा दिला आणि बाजूला जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला.

पाहुणे परतल्यावर चोल्पोनने काही नव्या गोष्टी पाठवल्या. यातली एक निवडा, लोक वाट बघताहेत. बुरुलने एकेक उघडली. एकीत शब्द नदीसारखे वाहत होते, एकीत नकाशावर कविता होती. तिने सगळ्या वाचल्या. पण चांगली कुठली, हे तिला सांगता येईना. तिने आजवर वाचून दाखवलं होतं, निवडलं कधीच नव्हतं.

"सुंदर आहेत सगळ्या," तिने चोल्पोनला फोनवर सांगितलं. "तू कुणा दुसऱ्याकडून वाचून घे, बाळ."

"एजे, आवाज तुमचाच हवा लोकांना."

बुरुलने कॅमेऱ्यामागच्या, सादिरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. "मी बोलेन गं," ती म्हणाली, "पण मला थांबवणार कोण?"