सेलबाईचा निळा ड्रम

“तोंडातून काढ. आधी तोंडातून काढ, मंग बोल.”

सेलबाई ओरडत होती आणि तिच्या किराणा दुकानासमोर एक धडधाकट वनरक्षक, अंगात खाकी, कमरेला पट्टा, दातांत टॉर्चचा जुना सेल धरून उभा होता. संपलेला सेल दातांनी चेपला की त्यात थोडा जीव परत येतो, हे आमच्या डोंगरावर दात आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वनरक्षकाला दात होते, सेल संपला होता, त्याने चेपला. त्याचं चुकलं एवढंच की तो सेलबाईच्या ओट्यासमोर उभा होता.

“बाई, रात्री गस्त आहे, उजेड पाहिजे म्हणून...”

“जंगल राखते नं तू? अन् आपलं थोबाड राखता येत नाई? दे तो इकडे. नवा घे अन् चूळ भर. माह्यासमोर भर.”

त्याने तिथेच, सगळ्या बाजारादेखत, चूळ भरली. हाच माणूस मागल्या हंगामात वाघ आडवा आला तेव्हा त्याला रस्ता सोडायला सांगून पुढे गेला होता, असं तो स्वतः सांगायचा. वाघाचं म्हणणं कोणी विचारलं नाही. पण सेलबाईसमोर त्याची मान खाली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बाईचा आवाज सांगून खरा वाटणार नाही, तरी सांगतो. जिवतीच्या बाजूला आमच्या डोंगरावर तिने हाक मारली की पलीकडे तेलंगणात औताचे बैल जागीच थांबत, आणि तिकडचा शेतकरी त्यांना तेलुगूत समजावत बसे की बाबांनो, तुम्हाला नाही बोलली. मी राजुऱ्याहून काळी-पिवळी जीप घेऊन रोज वर यायचो. माझ्या गाडीचा भोंगा बिघडला तो मी कधी दुरुस्त केला नाही. शेवटच्या वळणावर बाईचा आवाज आला की उतारू आपापल्या पिशव्या उचलायला लागत.

तिच्या दुकानात मीठ, तेल, साबण, बिड्या सगळं मिळे, पण खरा खप सेलांचा. आमच्याकडे टॉर्चशिवाय माणूस आंधळा. रात्री शेतात डुक्कर राखायला टॉर्च, पहाटे मोहफुलं वेचायला टॉर्च, आणि मचाणावर झोप लागू नये म्हणून रेडिओ, त्यालाही सेलच. बाईचा नियम एकच होता. जुना आणा, नवा न्या. जुना नसेल तर नवा नाही. एकदा पाटलाचा जावई लुगड्यासारखा लांबलचक चेहरा करून आला, म्हणाला, जुने हरवले. बाई म्हणाली, “हरवले तर शोध. डुक्कर तुह्या सासऱ्याचा सोयाबीन खाऊन राह्यले? खाऊ दे. त्याईले निदान काय खावं, काय नाई खावं ते समजते.” जावई सासऱ्याच्या उकिरड्यात कंदील घेऊन उतरला. सेल सापडले. जावयाची चप्पल मात्र अजून तिथेच आहे.

लोकांना राग यायचा, आणि त्याचं कारण होतं. आमच्या गावात संपलेला सेल कोणी फेकत नसे, तो कामाचा होता. दगडाने त्याचं पोट फोडायचं, आतली काळी भुकटी शेणात कालवायची आणि सणाआधी भिंतीच्या पायथ्याला हातभर रुंद काळा पट्टा ओढायचा. असा दाट काळा रंग चुलीच्या काजळीला येत नाही. बाया कोपरापर्यंत हात काळे करून सारवत आणि त्याच हातांनी मग पीठ मळत. आतली काडी पोरं घेत, पाटीवर लिहीत आणि लिहून झालं की चोखत. आमचा गोंडांचा पेनठाणा, म्हणजे देवांची जागा, तिथल्या झोपडीच्या भिंतीलाही कोणीतरी तसाच पट्टा ओढला. घरोघरचे पट्टे खरवडणारी बाई तिथेही विळा घेऊन गेली आणि देवासमोर उकिडवं बसून तो पट्टा खरवडून काढला. भुमका, म्हणजे आमचा पुजारी, म्हणाला, देव कोपेल. “कोपू दे,” बाई म्हणाली. “मी पयलेच कोपली आहे. दोघं मिळून पाहू कोणाकोणाले पाहाचं ते.”

तिच्या रागाचं मूळ तिची नात होती. हे सांगताना मला गंमत सुचत नाही. जत्रेतून कोणीतरी चिवचिव करणारं चिमणीचं खेळणं आणलं होतं. त्यात सदऱ्याच्या गुंडीएवढा चपटा सेल. खेळणं फुटलं, सेल निसटला, आणि नुकती चालायला लागलेली पोरगी तो गिळून बसली. घरच्यांना वाटलं, सर्दी झाली, लाळ गळते. पोरगी दूध ओकायला लागली तेव्हा माझ्याच गाडीत घालून तिला खाली नेलं. डॉक्टरने नळी घालून सेल काढला. पोरगी वाचली, पण गळा आतून भाजला होता. विस्तव नाही, धूर नाही, आणि लेकराचा गळा भाजला. अजून ती पातळ पेजेवर आहे, भाकरीचा तुकडा तिच्या घशाखाली उतरत नाही. तिच्या वयाची पोरं समोर बसून हाडकं फोडतात आणि ती वाटी तोंडाला लावते. त्या दिवशी जीपमधून परत येताना बाई एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून जी ओरडायला लागली ती थांबली नाही.

दुकानामागे तिने निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवला. जुने सेल त्यात. चपट्या सेलांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून काचेच्या बरणीत वेगळे. “याईचे तोंडं एकमेकाले लागले का भांडण होते, अन् आग लागते आपल्या घराले,” असं ती सांगे. ते खरंच होतं. त्यापुढे ती असंही सांगे की अमावास्येला ड्रममधले सेल फुगतात आणि विषाला कडुनिंबाचा वास सोसत नाही; म्हणून दर आठवड्याला ड्रमवर निंबाचा ताजा पाला पडे. तिला समजावण्याची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

ड्रम भरला. आता हे कुठं जाणार? खालच्या गावातून एक एजन्सीवाला आपल्या गाडीतून सेल विकायला वर यायचा. पांढरा सदरा, तोंडात कायम बडीशेप. बाई दर वेळी त्याला म्हणायची, “तुमी आणून राह्यले, तुमीच न्या.” तो दर वेळी हसायचा. म्हणायचा, “बाई, आम्ही विकणारे लोक. नेणारे वेगळे.”

मग एक दिवस तो हो म्हणाला. आम्ही सगळे थक्क. त्याने ड्रमला फेरी मारली, बोटाने वाजवून पाहिला, बाईला शेजारी उभी करून मोबाइलवर फोटो काढला. बाईने त्याला चहा पाजला. या बाईने सख्ख्या भावाला बिनपैशाचा चहा दिला नव्हता. तो निघताना तिने ड्रमवर निंबाचा पाला घातला, वर बरणी ठेवली आणि त्याला म्हणाली, “भाऊ, हळू नेजो.”

पुढच्या बाजाराआधी मी घाट चढत होतो. वळणावर गाडी तापली म्हणून पाणी आणायला नाल्यात उतरलो. नाल्यात सेल पडले होते. दगडांत, गाळात, खेकड्यांच्या बिळांशी, आणि त्यांत वाळलेला निंबाचा पाला. बरणी फुटली होती आणि चिकटपट्टी लावलेले चपटे सेल पाण्यात चकाकत होते. हा नाला आमच्या बोडीला मिळतो. बोडी म्हणजे आमचं लहान तळं. त्यात ढोरं पितात, बाया भांडी घासतात, पोरं पोहतात. साऱ्या गावाने टाकलं असतं तर सेल गावभर विखुरले असते. बाईने ते एका जागी गोळा केले, आणि त्या हलकटाने ते अख्खे एका जागी ओतले. त्याला सेल नकोच होते. त्याला ड्रम पाहिजे होता.

मी तिला सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडेल. तिने विचारलं, “बोडीपर्यंत गेले?”

“अजून नाई, बाई. वरच्याच डोहात हायेत.”

मग मात्र ओरडली. त्या आवाजाने गावातली एकूण एक बाई टोपली घेऊन बाहेर आली. ज्यांच्या भिंती तिने खरवडल्या होत्या त्याही आल्या. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्यांनी नाला असा वेचला, जसा मोह वेचतात. अंधार पडेपर्यंत खाली वाकलेल्या होत्या आणि बाई प्रत्येकीच्या मागे उभी राहून शिव्या देत होती.

सकाळी टोपल्या माझ्या गाडीत चढवल्या आणि बाई पुढच्या सीटवर बसली. एजन्सीसमोर पोचलो तर निळा ड्रम दारातच. काठोकाठ पाणी, वर झाकण, झाकणावर स्टीलचा पेला.

बाईने पेला बुडवून भरला आणि आत जाऊन त्याच्यापुढे धरला. “पी.”

“बाई, ते हात धुवायचं...”

“तुह्या दुकानातले पोट्टे पिऊन राह्यले, मी आत्ता पायलं. तू पी. माह्या गावाले पाजाले निघाला होता नं? तर पयला घोट तुहा.”

बाहेर रस्ता थांबला. रिक्षावाले, भाजीवाल्या, शेजारचा चष्मेवाला, सगळे. एजन्सीवाला पेल्याकडे पाहत होता. साधं पाणी होतं ते, काचेसारखं स्वच्छ. त्याला ठाऊक होतं त्यात काय राहून गेलंय, म्हणून त्याचा हात उठत नव्हता. बाईचा हात मात्र तसाच पुढे. शेवटी तो म्हणाला, “नागपूरकडून मालाचा ट्रक येतो. परत जाताना जुने सेल नेतो. तिकडे कंपनीचा कारखाना आहे.”

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. बडीशेप चघळत, हसत, दर वेळी. मला अजून हे आठवलं की स्टिअरिंग पिळावंसं वाटतं.

“मंग तेव्हा काऊन नाई बोलला?” बाईने विचारलं.

“तेव्हा कोणी पाणी पाजलं नव्हतं,” शेजारचा चष्मेवाला म्हणाला.

ड्रमच्या जागी आता पत्र्याचा डबा आला, आणि तेव्हापासून तो भरला की बाई स्वतः खाली यायची. मालाच्या खोक्यांवर बैठक मारायची, ट्रकमध्ये डबा चढेपर्यंत हलायची नाही आणि तोवर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला जत्रेतल्या चिमणीची गोष्ट मोठ्याने सांगायची. एजन्सीवाला ट्रकवाल्याला फोन करकरून लवकर बोलवायचा. सबंध तालुक्यात वेळेवर चालणारी ती एकमेव गोष्ट होती, असं मी छातीठोक सांगतो.

या उन्हाळ्यात बाई गेली. दुपारी दुकानाच्या ओट्यावर आडवी झाली ती उठलीच नाही. नात पेजेची वाटी घेऊन तिला हलवत होती. सगळं गाव जमलं आणि कोणाला मोठ्याने बोलायचं सुचेना.

सून आता दुकान पाहते. नियम तोच. डबा भरला तसा मी एकटाच तो घेऊन खाली गेलो. मालाचा ट्रक मागच्या चौकात आलेला दिसत होता.

एजन्सीवाल्याने माझ्या मागे, गाडीत, रस्त्यावर पाहिलं. “बाई नाही आल्या?”

“गेल्या. दोन हप्ते झाले.”

तो खुर्चीत मागे टेकला. खिशातून बडीशेप काढली. “अरेरे,” म्हणाला. मग डब्याकडे बोट केलं. “आता हे घेऊन जा परत. रोजची कटकट कोण करणार.”

मी डबा उचलला नाही. गाडीत बसलो, गाडी मागे घेतली आणि त्याच्या शटरला चिकटवून आडवी उभी केली. ना माणूस आत जाईल, ना माल. किल्ली काढून खिशात टाकली आणि बोनेटवर बसलो. मागे ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. एजन्सीवाला बाहेर यायला निघाला, तर दारात गाडी. तो माझ्या गाडीच्या काचेवर हात आपटत आतून ओरडला, “काय झालं? काढ नं गाडी.”

“बंद पडली,” मी म्हणालो.